फुटायला हवं होतं

“फुटत नाही म्हणजे काय?” भास्कररावांनी सेव-उसळीची डिश खाली ठेवली. “न फुटणं चांगलंच ने, पोरी! आज तरी माझं डोकं खाऊ नकोस.”

“पण फुटायला हवं होतं, सर,” योगिनी म्हणाली.

फतेगंजमधल्या त्या छोट्या कंपनीत आज भास्कररावांचा निरोप समारंभ होता. खंबातच्या आखातात भरतीचं पाणी कुठे, कधी चढेल याचं गणित संगणकावर मांडून देणं हा कंपनीचा धंदा. समुद्राचे बारीक चौकोन पाडायचे आणि प्रत्येक चौकोनातलं पाणी क्षणाक्षणाने पुढे न्यायचं. त्या क्षणाला भास्करराव ‘पाऊल’ म्हणत, म्हणून गुजराती पोरांसकट सगळं ऑफिस ‘पाऊल’ म्हणे. पाऊल फार मोठं घेतलं की पाणी चौकोनांवरून उड्या मारू लागतं, डोंगराएवढ्या लाटा उठतात आणि गणित फुटतं. जिथे पाणी खोल, तिथे भरती जोरात धावते. तिथे पाऊल लहानच हवं.

योगिनीला एक खोड होती. सुरळीत चाललेलं गणित ती मुद्दाम मोठं पाऊल देऊन फोडून बघे. नेमकं कधी फुटतं ते कळलं की तिचा जीव शांत होई. “हिला दूध उतू गेल्याशिवाय गॅस पेटलाय हे पटत नाही,” असं समा भागातल्या घरी तिच्या सासूबाई, इंदिराबाई, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत.

आज सकाळपासून ती पाऊल वाढवत होती आणि गणित ढिम्म होतं. ती उठली, पाणी प्यायली, परत बसली, परत उठली. शेवटी तिने गणिताला दिलेला समुद्रतळाचा नकाशा उघडला आणि मूळ मोजणीशी ताडून पाहिला. मोजणीत चिखलाच्या पट्ट्यामागे एक अरुंद, खोल घळ होती. नकाशात तिथे सपाट जमीन होती. त्या नकाशाला हात लावायची मुभा एकाच माणसाला होती.

“घळ कुठे गेली, सर?”

भास्कररावांनी केबिनचं दार लोटलं.

“बुजवली. दर खेपेला तिथेच फुटत होतं. पाऊल लहान केलं असतं तर गणित रेंगाळलं असतं आणि काम माझ्यानंतर संपलं असतं. मला अर्धवट टाकून जायचं नव्हतं गं. आणि नकाशातला तळ थोडा सगळेच घासून सपाट करतात.”

“घासणं वेगळं, सर. भरती त्या घळीतूनच आधी शिरते. उद्या माणसं पाइपलाइनच्या खुंट्या ठोकायला चिखलात उतरणार, तुमचं भरतीच्या वेळांचं टेबल बघून. समोर कोरडं दिसेल आणि पाणी पाठीमागून येईल.”

“भास्करभाई, चालो! हार पहेराववानो छे!” बाहेरून ऑफिस सांभाळणाऱ्या हेतलबेनची हाक आली. ते उठले आणि तिच्याकडे न बघता गेले.

घरी शिकवण्या घेत बसलेल्या योगिनीला या माणसाने बोलावून कामाला लावलं होतं, वडिलांच्या मायेने शिकवलं होतं. आपलंच काहीतरी चुकलेलं असू दे, असं तिला मनापासून वाटत होतं. हॉलमध्ये ती मागे उभी राहिली. साइट इंजिनिअरचा नंबर तिने फोनवर काढला, बंद केला, पुन्हा काढला. मोठे साहेब माईकवर सांगत होते, “आमच्या भास्करभाईंचं गणित कधी चुकलं नाही.” टाळ्या पडल्या. पुरे झालं, असं म्हणून ती दाराकडे वळली. सर नाही करत तर फोन आपण करायचा.

“योगिनी, थांब.”

भाषणासाठी उभे राहिलेले भास्करराव गळ्यातल्या हारासकट खिशातला मोबाइल काढत होते. माईक तोंडासमोरच होता.

“हेलो, काले माणसोने कादवमां ना उतारता. टेबल खोटुं छे.” पलीकडून साइट इंजिनिअरने काही विचारलं. “ना, ना. छोकरीनी नहीं. भूल मारी छे.”

उद्या चिखलात कुणीही उतरणार नव्हतं, आणि चूक भास्कररावांनी सगळ्यांसमोर स्वतःवर घेतली होती. केक कापायचं कुणाला सुचलं नाही. मोठे साहेब हात न मिळवता निघून गेले. भास्कररावांनी हार उतरवला, योगिनीच्या शेजारी खुर्ची ओढली आणि नकाशातली घळ पुन्हा खणली. “आता लहान पाऊल घे. लागू दे वेळ लागायचा तो.” संध्याकाळी त्यांनी आपलं ओळखपत्र हेतलबेनकडे जमा केलं.

सकाळी योगिनी ऑफिसात धावतच पोचली. गणित संपलं होतं. जुन्या टेबलाप्रमाणे माणसं खुंट्या ठोकत असती त्या वेळी त्यांच्या मागची घळ तुडुंब भरलेली दिसत होती. तिने साइटवर फोन लावून माणसं कुठे आहेत ते विचारून घेतलं. सरांना फोन करायला ती जिन्याने खाली आली, तर ते फाटकातच उभे. अंगात इस्त्रीचा शर्ट, आणि काल सलाम ठोकणारा वॉचमन गोविंदभाई त्यांच्या गळ्यात ‘मुलाकाती’, म्हणजे पाहुणा, असं लिहिलेला पास अडकवत होता.

“शुं करूं साहेब, रूल छे,” तो ओशाळून म्हणत होता.

“बरोबर छे.” भास्कररावांनी तिच्याकडे पाहिलं. “कुठवर आलं?”

“झालं, सर. पाणी बरंच आधी येतंय.”

“माणसं?”

“किनाऱ्यावर आहेत. सगळी.”

त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा ते ओले होते. मग त्यांनी पास गळ्यातून काढला, त्याची पट्टी नीट गुंडाळली आणि जिन्याकडे पाठ करून तो गोविंदभाईच्या हातात परत ठेवला.

“लो. उपर नथी जवुं.”