ज्याला गाणं नसतं

फुमिएने चाकांच्या खुर्चीचा ब्रेक पायाने दाबला, खुर्ची एकदा हलवून पाहिली आणि मग नवऱ्याचा उजवा हात उचलून निळ्या पट्ट्यांच्या जर्सीत घातला. हात जड होता, स्वतःहून काही मदत करत नव्हता. डावा हात मात्र तेइजीने आपणच बाहीत घातला आणि लगेच पंजा उघडून पुढे केला.

"देते हो, देते. जरा दम धरा."

पिशवीतून तिने प्लास्टिकच्या दोन छोट्या बॅटी काढल्या. एक त्याला दिली, एक आपण धरली. या दोन बॅटी एकमेकींवर आपटून टाळ्या वाजवायच्या, ही शिओहामाच्या बेसबॉल मैदानावरची रीत. तेइजीने पूर्वी त्यांना कधी हात लावला नव्हता. त्याच्या ओठांना ट्रम्पेट असायचा. आता एकच हात चालतो, म्हणून दुसरी बॅट फुमिए धरायची आणि तो तिच्यावर ठोके द्यायचा. वसंतापासून त्यांचं हे असंच चाललं होतं.

"आलात का? वाटलंच मला!" मागच्या रांगेतून कुरामोची ओरडला. मासळीचं दुकान मुलाच्या हवाली केल्यापासून हा गृहस्थ मैदानावरच मुक्कामाला होता. "वहिनी, घरी कामंधामं नाहीत का तुम्हाला? आज जिंकलो तरी आपले सीगल्स तळाला, हरलो तरी तळाला."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"मी होय? आज जिंकणार ना आपण, म्हणून आलो."

तेइजीने बॅट उंचावली. कुरामोचीने पुढे वाकून तिच्यावर आपली बॅट टेकवली. दोघांची नमस्काराची पद्धत आता एवढीच उरली होती.

गेल्या हिवाळ्यात तेइजीला झटका आला. उजवं अंग गेलं ते गेलंच, पण बोलणंही गेलं. ऐकलेलं सगळं कळायचं. काही सांगायचं म्हणून तोंड उघडायचं आणि नुसता वारा बाहेर यायचा. मग तो तोंड मिटून घ्यायचा आणि खिडकीकडे बघत बसायचा. दवाखान्यात बोलायला शिकवणारी बाई गोड स्वभावाची होती, पण तिने खोटी आशा लावली नाही. "शब्द आत आहेत, दार तेवढं अडकलंय," ती म्हणाली. "उघडलं तर वर्षभरात उघडेल. नंतर अवघड होत जातं."

वर्ष सरत आलं होतं. आणि आज मोसमातला या मैदानावरचा शेवटचा सामना. ज्या जागी या माणसाचा गळा चाळीस वर्षं मोकळा सुटला, तिथेच तो पुन्हा सुटला तर सुटेल, असा फुमिएचा साधा हिशेब होता. म्हणून ती प्रत्येक सामन्याला त्याला घेऊन यायची आणि लोक खेळ बघत असताना नवऱ्याचे ओठ बघत बसायची.

तिला फार काही नको होतं. त्याने नुसतं "ए" म्हटलं असतं तरी भरून पावली असती.

कारण तेइजी तिला "ए" म्हणायचा. ए, चहा. ए, टॉवेल. ए, छत्री कुठाय. लग्न ठरवताना, मध्यस्थांच्या घरी, समोर चहा ठेवलेला असताना त्याने एकदाच मान खाली घालून अदबीने "फुमिए-सान" म्हटलं होतं. त्यानंतर तिचं नाव त्याच्या तोंडून ऐकल्याचं तिला आठवत नव्हतं. त्यात वावगंही काही नव्हतं; गल्लीतले सगळेच नवरे बायकांना असंच हाकारायचे. पण मैदानावर मात्र याच माणसाच्या तोंडी नावांचा पाऊस! सीगल्सच्या प्रत्येक खेळाडूचं वेगळं गाणं होतं. तो बॅट घेऊन उतरला की सगळा स्टँड उभा राहून ते गाणार, आणि गाण्याचा पहिला सूर तेइजीच्या ट्रम्पेटचा. एखादा नवखा पोरगा यायचा, त्याला अजून गाणं मिळालेलं नसायचं. त्याच्यासाठी सगळ्यांची मिळून एक आरोळी होती. तीन ठोके, मग "उडव लांब!", आणि मग त्या पोराचं नाव, एकेक अक्षर तोडून. अशा वेळी तेइजी ट्रम्पेट खाली ठेवायचा आणि लोकांकडे वळून स्वतः ओरडायचा.

"गाणं नाही म्हणून कुणी तिथे एकटं उभं राहायचं नाही," तो म्हणायचा.

एकदा घसा बसवून घरी आला, तेव्हा फुमिए चिडलीच होती. "लोकांच्या पोरांची नावं घेऊन घसा फोडता. माझं नाव काय कडू लागतं का?"

तेइजीने तिच्याकडे पाहिलं, कानाची पाळी चोळली आणि म्हणाला, "ए, चहा."

सामना नेहमीच्याच वळणाने गेला. तिसऱ्या डावात सीगल्सच्या पिचरने चार चेंडू असे टाकले की कुरामोचीने टोपीच डोळ्यांवर ओढली. फुमिएने भाताच्या गोळ्याचे बारीक तुकडे करून तेइजीला भरवले, हनुवटी पुसली, जवाचा चहा पाजला. समोरचे सहा धावांनी पुढे गेले. तरी शेजारची बाई शेवटचा, नववा डाव सुरू होताना दोन्ही हातांच्या मुठी वळून पुटपुटली, "आता बघा." फुमिएला हसू आलं आणि तिचीही मूठ आपोआप वळली.

दोघे बाद झाल्यावर कुमादा नावाचा एक नवा पोरगा बॅट घेऊन आला. गाणं नसलेला.

टॉक, टॉक, टॉक. "उडव लांब! कु-मा-दा!"

सगळा स्टँड उठला. तेइजीची बॅट फुमिएच्या बॅटीवर पडू लागली, अचूक, एकही ठोका न चुकता. तिने मैदानाकडे पाहिलंच नाही. त्याच्या मानेची शीर ताठ झाली होती. ओठ उघडले.

बोला ना, ती मनात म्हणाली. अहो, बोला.

तेवढ्यात फटका बसल्याचा आवाज झाला आणि सगळे ओरडले. चेंडू वर वर गेला, थेट त्यांच्याच दिशेने. कुरामोची बाकावर चढला. "गेला! गेला! वहिनी, गेला!" आणि कुंपणापाशी, हातभर अंतरावर, समोरच्यांच्या खेळाडूने तो उडी मारून झेलला.

तिसरा बाद, सामना संपला. स्टँड खाली बसला. तेइजीचे ओठ मिटलेले होते.

"बघितलंत? कुंपणापर्यंत नेला की नाही पोराने!" बाकावरून उतरताना कुरामोचीचे डोळे पाणावले होते. "पुढच्या वर्षी बघाच तुम्ही."

"हो, पुढच्या वर्षी," फुमिए म्हणाली. तिने दोन्ही बॅटी घ्यायला हात पुढे केला. एक आली. दुसरी तेइजीने सोडली नाही, म्हणून तिने ती राहू दिली.

कुरामोची बस थांबवून ठेवायला पुढे गेला. मैदानाच्या मागच्या दाराकडून रस्त्यापर्यंत चढ होता, आणि समुद्राकडून वारा सुटला होता. फुमिए खुर्ची ढकलत निघाली. रडायचं घरी, तिने ठरवलं होतं, आंघोळीच्या वेळी, नळ सोडून. अर्ध्या चढावर पुढचं चाक गटाराच्या जाळीत अडकलं. तिने ढकललं, हलेना. मागे ओढलं, तरी हलेना. गुडघ्यात कळ आली. लोक आपापले झेंडे गुंडाळत बाजूने चालले होते, आणि मदत मागायला तिला एवढंसं तोंड उघडवेना. उघडलं असतं तर रडूच फुटलं असतं.

"थांबा हं," ती कशीबशी म्हणाली. "होतंय आत्ता."

टॉक.

तेइजीने बॅट खुर्चीच्या दांड्यावर आपटली होती. घाई झाली असेल, थंडी वाजत असेल. तिने पाय रोवले, ओणवी झाली आणि पुन्हा जोर लावला.

टॉक, टॉक, टॉक.

"उ... डव."

आवाज गंजलेला, चिरका. फुमिएला वाटलं, मागून कुणीतरी चाललंय. मागे कुणी नव्हतं.

"उडव... लांब."

तेइजी समोर, चढाकडे बघत होता. मानेची शीर ताठ होती. आता आरोळीत नाव घ्यायचं होतं. तिथे "ए" म्हणून भागत नाही. तो थांबला. त्याने श्वास ओढून घेतला.

"फु," तो म्हणाला. "मि." आणि मग, किती वेळाने, "ए."

 फुमिएने खुर्ची एकदाच जोरात पुढे रेटली, आणि जाळीतून चाक मोकळं झालं.

वर रस्त्यावरून कुरामोची हात हलवत होता. "वहिनी! बस निघतेय! चला!"

पण बॅटर उभा असेतो आरोळी थांबत नाही, हे चाळीस वर्षांत तिला पाठ झालं होतं. टॉक, टॉक, टॉक, बॅट पुन्हा वाजू लागली. फुमिएने चाक हळूच मागे घेतलं, पुन्हा जाळीवर टेकवलं आणि दांडे घट्ट धरून, ओणवी होऊन, तशीच उभी राहिली.