त्यानं मला निवडलं

स्प्रिंग, सोड. सोड म्हटलं ना! गिऱ्हाइकाची खुर्ची आहे ती.

हां. तर शेल्टरमध्ये काय झालं ते सांगते.

थंडी होती. ताई गाडीतच बसून राहिली. "मला ते केस सोसत नाहीत गं, शिंका सुरू होतात. तू जा." मी निघाले तर मागून हाक मारली, स्वतःचं जॅकेट काढून माझ्या अंगावर चढवलं, चेन गळ्यापर्यंत ओढली. "गारठशील, चिमे." आई गेल्यापासून मला असं कुणी काही घातलं नव्हतं.

कुत्रा पाळायचा हा हट्टही तिचाच. भावोजींची बदली होऊन ती नुकतीच परत शहरात आली होती आणि आल्या आल्या माझ्या मागे लागली होती. "दिवसभर एकटी त्या फोमच्या ढिगात बसतेस. बोलायला कुणीतरी नको?"

मी सोफे मढवते. पुढे दुकान, मागे एक खोली. आई होती तेव्हा मागची खोली तिची आणि मी दुकानात झोपायचे. ताईनं तिला "चार दिवस ठेव" म्हणून आणून सोडलं होतं. ते चार दिवस आईबरोबरच संपले. असो.

स्प्रिंग, खाली बस. बस. बरं, उभा राहा.

तर पिंजऱ्यांची रांग. सगळे भुंकतायत, हा एकटा भिंतीकडे तोंड करून. तांबूस रंग, एक कान उभा, एक पडलेला. पाय असे, की चुकून मोठ्या मापाचे बसवलेत. मी जवळ गेले आणि तो उडाला. दुसरा शब्दच नाही. जाळीवर चढला, पडला, परत चढला, लहान मुलासारखा रडायला लागला. शेल्टरवाली बाई बघतच राहिली. "अहो, आल्यापासून कुणाच्या हातचं धड खात नाही हा. मालकीणबाई सोडून गेल्या ना, त्यासुद्धा फार रडल्या. पण तुम्हाला तर यानं निवडलंच!"

दार उघडलं तर त्यानं माझ्या बगलेत तोंड खुपसलं. काढेचना.

निवडलं. माझ्याकडे आजवर जे आलं ते कुणीतरी ठेवून गेलेलं. हा आपल्या पायांनी आला.

बाहेर येते तर गाडी नाही. ताईचा फोन आला, "यांनी घाईनं बोलावलं गं, तू टॅक्सी कर." टॅक्सीवाला म्हणाला, "मावशी, हा कुत्रा आहे की भूकंप?" म्हणून नाव ठेवलं स्प्रिंग. जुना सोफा फोडला की आतून सुटते ना, तशी.

आणि त्याच संध्याकाळी ते झालं. आमच्या आईला हाका मारायचा कंटाळा. जेवण तयार झालं की झाकणावर डाव वाजवायची, टक-टक, की आम्ही दोघी धावत. माझ्या हाताला तीच सवय. एकटी राहते, तरी वाजवते. वाजवलं, आणि हा दुकानातून घसरत आला आणि माझ्या पायाशी बसला. शेपटी झाडत, शहाण्यासारखा.

मी ताईला फोन केला. "अगं, न शिकवता कळलं त्याला! आपल्याच घरातला आहे बघ."

ती म्हणाली, "हुशार असतात काही कुत्रे."

नको. ते फोम आहे, खायचं नसतं. थूक. शाबास.

महिनाभर ताई फिरकली नाही. आज कंबर धरलीय, उद्या पाहुणे आहेत. शेवटी म्हटलं, आपणच जाऊ, तिला चकित करू. जॅकेटही द्यायचं राहिलं होतं. तिच्या नव्या इमारतीच्या जिन्यावर यानं मला अक्षरशः ओढत नेलं.

ताईनं दार उघडलं. हा उडाला नाही. जमिनीला पोट टेकवून सरपटत गेला, तिच्या पावलांवर हनुवटी ठेवली आणि मुतला.

"ए हट्! लांब घे त्याला, चिमे," ती म्हणाली. पण हात खाली गेला होता. पडलेल्या कानाच्या मागे, बरोबर जिथं त्याला खाजवलेलं आवडतं तिथं. ती जागा सापडायला मला आठवडे लागले होते.

आतून भावोजी आले. "अरे बंड्या! तू कुठे इथं?"

ताईनं त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग भावोजींना आत काहीतरी काम आठवलं.

"इथल्या सोसायटीत कुत्री चालत नाहीत," ताई म्हणाली.

"फोनवर भुंकताना ऐकू यायचा तो हाच? शेजाऱ्यांचा म्हणायचीस."

"तू कधी आली असतीस आमच्याकडे तर दिसला असता."

"आईला सोडून कशी येणार होते मी?"

"बघ. आलीसच आईवर. म्हणूनच नाही विचारलं. सरळ 'ठेव' म्हटलं असतं तर तू आईचं काढलं असतंस, आणि मग त्याला घेतलंही नसतंस."

"घेतलं असतं."

"आता म्हणतेस."

"आणि जॅकेट?"

ती त्याच्याकडे बघत होती. "थंडी होती ना," म्हणाली.

तर शेल्टरमध्ये काय झालं ते आता नीट सांगते. थंडी होती. ताईनं तिचं जॅकेट मला घातलं, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि मला आत पाठवलं. पिंजऱ्यातल्या कुत्र्यानं मालकिणीचा वास ओळखला. दार उघडल्यावर त्यानं तिच्या बगलेत तोंड खुपसलं. जॅकेटमध्ये आणखीही कुणीतरी होतं.

तिच्या दारातून तो हलेना. उचलून आणला. वाटेभर मागे बघत होता.

जॅकेट परत दिलं नाही. टेबलावर पसरलं, कात्री लावली, बाह्या उसवल्या, आत चांगला दाट फोम भरून त्याची गादी शिवली. माझ्या हातची सगळ्यात नेटकी शिवण असेल ती. इतक्या गाद्या फाडल्या यानं, तिला दात लावला नाही.

आज ताईचा फोन आला. "चिमे, ते जॅकेट राहिलं गं तुझ्याकडे. गारठा वाढलाय."

"चांगल्या घरी दिलं," मी म्हटलं.

मग, "जेवतो ना नीट?"

मी फोन स्पीकरवर टाकून ओट्याच्या कडेला ठेवला आणि झाकणावर डाव वाजवला. टक-टक. तो धावत आला. त्याच्या नखांचा आवाज तिलाही ऐकू गेला असणार, कारण ती एकदम म्हणाली, "बंड्या?"

तो ताटलीपाशी थांबलाच नाही. ओट्यावर पंजे टेकवून फोनला नाक लावलं.

तिनं फोन ठेवला.

आताही परत तिथंच जाऊन उभा राहिलाय. जेवण गार होतंय.

स्प्रिंग, ये.

स्प्रिंग.

बरं. बंड्या, ये.