सवतीसाठी शिवलेला पट्टा

मी एक जुनी शिलाई मशीन आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून टाकते, मी जळकी आहे. अंग लोखंडाचं आहे म्हणून मनही लोखंडाचं असेल, अशी समजूत करून घेऊ नका. चर्चमध्ये एक पायपेटी आहे. पायांनी भाता हलवायचा आणि हातांनी वाजवायची, अशी ती पेटी. तिचं नुसतं नाव काढलं तरी माझं चाक करकरतं. ती माझी सवत आहे. का ते ऐका.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. तिथे मला काळा चकचकीत रंग दिला आणि अंगावर सोनेरी वेलबुट्टी काढली. मग मी दुकानाच्या काचेमागे उभी राहिले. येणारे-जाणारे बघायचे, किंमत विचारायचे आणि चालू पडायचे. एक दिवस एक म्हातारी शिंपीण आपल्या लेकीला घेऊन आली. तिने माझं चाक फिरवलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाली, "हिचा आवाज सरळ आहे. हीच घेऊ." लेकीचं नुकतंच लग्न ठरलं होतं. अशी मी तिच्याबरोबर तिच्या नव्या घरी आले. ती लेक म्हणजे माझी बाई.

बाईचा नवरा रंगारी. लोकांच्या भिंती रंगवायचा. स्वभावाने गमत्या, पण गळा असा की तो गायला लागला की मांजरसुद्धा उठून बाहेर जायचं. त्याने मला पुढच्या खोलीत खिडकीशी जागा करून दिली. सकाळचं ऊन थेट माझ्या सुईवर पडायचं. त्या जागेचा मला फार तोरा होता.

बाईची काम करायची एक रीत होती. ती तिला तिच्या आईने घालून दिली होती. सकाळची पहिली शिवण देवाच्या स्तुतीची. दोरा ओवायचा, कापड सुईखाली सरकवायचं आणि पाय हलवतानाच गायला लागायचं. त्या पहिल्या गाण्यात देवाकडे काही म्हणजे काही मागायचं नाही. "तू मोठा आहेस, तू चांगला आहेस, एवढंच त्याला सांगायचं," आई म्हणायची, "मागायला पुढे अख्खा दिवस पडलाय." बाईचा पाय गाण्याच्या ठेक्यावर पडायचा आणि टाका कसा एकसारखा यायचा. उशीच्या अभ्र्याला एक कडवं पुरायचं, पडद्याला अख्खं गाणं लागायचं. शेवटची ओळ संपली की रंगारी आपली पिशवी खांद्याला लावून कामावर निघायचा. त्या गाण्यांची साथ कोण करायचं? मी! लग्नाचे झगे, शाळेचे गणवेश, बाळांची टोपडी, सगळं मी त्या गाण्यांवर शिवलं.

आणि कौतुक कुणाचं? त्या पेटीचं!

शनिवारी संध्याकाळ झाली की बाई माझ्यावर एक विटकी चादर टाकायची. रविवारी केस नीट विंचरून, चांगले कपडे घालून ती चर्चला जायची आणि माझ्यावर सराव झालेले ते दोन पाय त्या बयेला द्यायची. दुपारी लोक तिला घरापर्यंत सोडायला यायचे आणि माझ्या कानावर पडेल असं बोलायचे, "काय पेटी वाजली हो आज! डोळ्यांत पाणी आलं." सहा दिवस राबायचं मी आणि डोळ्यांत पाणी आणायचं हिने. एकदा तर बाईने तिच्यासाठी मखमलीची खोळ शिवली. खाली झालर वगैरे. शिवली कुणावर? माझ्यावर! झालरीचा प्रत्येक टाका घालताना माझा कसा तिळपापड झाला, ते माझं मला माहीत.

असे दिवस चालले होते. मग एके दिवशी दुपारी चार माणसं रंगाऱ्याला उचलून घरी घेऊन आली. तो शिडीवरून पडला होता. पाठीला मार बसला होता. पुढे दवाखाना झाला, औषधं झाली, मोठे डॉक्टर झाले. शेवटी त्याचा पलंग पुढच्या खोलीत माझ्यासमोर आला. कमरेखाली त्याचे पाय हलत नव्हते. पुढे हलतील की नाही हे कुणीच छातीठोकपणे सांगेना.

दुसऱ्या सकाळी बाई माझ्यापाशी बसली. दोरा ओवला, कापड सरकवलं, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. गाणं नाहीच. नुसताच पाय हलत राहिला. त्या दिवशी नाही, पुढच्या दिवशी नाही. पहिली शिवण मुकी, दुसरी मुकी, सगळ्याच मुक्या. ठेका गेला तसा टाकाही गेला. कधी लांब, कधी आखूड. शेजारच्या मास्तरीणबाईंनी शिवायला दिलेला पडदा हातात घेऊन उलटापालटा केला आणि हळूच म्हणाल्या, "बाई, हा टाका तुमचा वाटत नाही." बाईने पडदा ठेवून घेतला आणि उसवायला बसली.

आणि मला काय वाटलं, सांगू? मला वाटलं, ही सगळी गाणी त्या पेटीसाठी राखून ठेवते आहे. आपल्या वाट्याला मुके पाय आणि तिच्या वाट्याला गाणं! माणसाच्या घरावर एवढं संकट कोसळलेलं आणि मी मात्र आतल्या आत धुमसत होते. काय करणार, स्वभावाला औषध नसतं.

मग एका सकाळी दारात हातगाडी थांबली. चर्चचे पाळक पुढे, मागे दोन माणसं आणि गाडीवर मखमलीच्या खोळीत कोण? तीच! चर्चचं छप्पर गळायला लागलं होतं आणि दुरुस्ती व्हायची होती. "तोवर हिला तुमच्याकडे ठेवतो," पाळक म्हणाले. "उपासनाही तुमच्याच घरी घेऊ या. रंगारीबुवांनाही ऐकता येईल." बाईने नाही म्हटलं नाही. पेटी मोठी, दुसरीकडे मावेना. म्हणून मला उचललं आणि दारामागच्या अंधाऱ्या कोपऱ्यात ढकललं, आणि माझ्या खिडकीत, माझ्या उन्हात, ती महाराणी बसली. मित्रांनो, त्या दिवशी माझं तेल आटलं असेल.

पण त्यानंतर पाळक जे बोलले ते ऐकून मी गार पडले. चहाचा कप हातात धरून ते म्हणाले, "बाई, तुम्ही दर रविवारी येता, मागच्या बाकावर बसता. पेटीला मात्र हात लावत नाही. मंडळी तशीच गातात. का हो?"

म्हणजे तिलाही काही मिळत नव्हतं! मी उगाच एवढी जळले होते.

बाईने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. मग म्हणाली, "गायला तोंड उघडलं की मागणंच बाहेर येतं, पाळकसाहेब. ह्यांना उभं कर, ह्यांना उभं कर. दुसरं काही सुचतच नाही. आई म्हणायची, पहिलं गाणं मागण्याचं नको. आणि स्तुती तर आतून येतच नाही. खोटं कशी गाऊ? म्हणून गप्प बसते."

मी थक्क झाले. आईची रीत पाळायची म्हणून ही बिचारी मुकी झाली होती!

"देव तुमच्या मागण्याला कंटाळत नाही, बाई," पाळक म्हणाले. मग त्यांची नजर चक्क माझ्याकडे वळली. "पण एक सांगा, तुम्ही शिवायला बसता तेव्हा कापड आपण होऊन सुईखाली येतं का?"

"नाही. सरकवावं लागतं."

"मग स्तुती आतून यायची वाट का बघता? सकाळी सरकवा सुईखाली. तुम्ही पडलात, रंगारीबुवा पडले, देव काही पडलेला नाही. तो होता तसाच आहे. तेवढं तर खरंच आहे ना? तेवढंच गा."

ऐकलंत? पाळक माझा दाखला देत होते! आणि तोसुद्धा तिच्या समोर! मी कोपऱ्यातून खिडकीकडे असं काही पाहिलं म्हणता!

पण ऐकणं वेगळं आणि करणं वेगळं. पुढच्या सकाळी बाई बसली आणि पुन्हा तेच. तोंड उघडलं, मिटलं. पाय हलेना. तिच्या डोळ्यांतून पाणी माझ्या पाट्यावर टपटपलं.

तेवढ्यात पलंगावरून आवाज आला. रंगारी गात होता! तेच पहिलं गाणं, जे संपलं की तो पिशवी उचलायचा. सूर कुठे, ताल कुठे, कशाचा कशाला मेळ नव्हता. पण शब्द सगळे बरोबर होते. तू मोठा आहेस, तू चांगला आहेस, तू आमचा आहेस. निजल्या जागी, छताकडे बघत, मोठ्याने. कमरेखाली काही हलत नसलेला माणूस देवाला चांगला म्हणत होता आणि काही मागत नव्हता.

बाईने एक ओळ सहन केली, दुसरी सहन केली. तिसरीला तिला राहवेना. "अहो, काय चालवलंय? तिथे वर जायचं असतं!"

"मग जा ना वर," तो म्हणाला. "मला कुठे येतंय?"

आणि ती गेली. ती एक ओळ नीट करून दाखवण्यापुरतीच गायली, पण ओळीमागे ओळ असतेच. तिचा पाय आपोआप माझ्या पायडलवर पडला. आवाज फाटका होता, मध्येच हुंदका येत होता, पण ठेका सापडला. माझ्या सुईखालून टाका निघाला तो थेट तिचा. अहाहा! आणि खिडकीतली ती गप्प बसून ऐकत होती. त्या घडीला मी इतकी खूष झाले, की दोरा तुटायचाच बाकी होता.

पण माझा आनंद फार वेळ टिकला नाही. गाणं संपताच बाई उठली, डोळे पुसले आणि खिडकीकडे गेली. मखमल काढली. मला मेलीला अर्ध्या शिवणीत सोडून! तिने पेटीच्या पायट्यांवर पाय ठेवले, दाबले, आणि कट्! पायटे भात्याला ज्या पट्ट्याने जोडलेले असतात तो हातगाडीच्या हिसक्यांनी उसवला होता, तो आता तुटला. पेटीतून हवा निघाली, सूर नाही. मी मनात म्हटलं, बरी खोड मोडली!

"दोन दिवसांवर उपासना," बाई म्हणाली. "एवढा जाड पट्टा आता कुठून आणू?"

रंगाऱ्याने खुंटीकडे मान वळवली. मग तिकडे बोट दाखवून म्हणाला, "माझ्या पिशवीचा काप."

ती त्याची रंगाच्या डब्यांची पिशवी. रोज खांद्याला लावून तो शिडी चढायचा. बाई जागच्या जागी थांबली. "आणि तुम्ही बरे झालात म्हणजे?"

"झालो तर नवी शिवशील. नाही झालो तर ह्या पट्ट्याने निदान गाणं तरी वाजेल. घे."

बाईने पट्टा कापला. त्यावर पांढऱ्या रंगाचे जुने थेंब वाळलेले होते. ती माझ्यापाशी बसली आणि तो जाड पट्टा माझ्या सुईखाली सरकवला. सवतीच्या पायांचा पट्टा, आणि शिवायचा मी! खरं सांगते, सुई मोडून घ्यायची माझी पूर्ण तयारी होती. कुणी मला दोषही दिला नसता. पण बाईने पुन्हा तेच गाणं धरलं. समोर नवऱ्याची कापलेली पिशवी, हातात तिचा पट्टा, आणि बाई म्हणत होती, तू चांगला आहेस. माझ्या सगळ्या लोखंडातून काहीतरी सरसरून गेलं. मी तो पट्टा दुहेरी शिवला. असा टाका मी लग्नाच्या झग्यालाही घातला नव्हता.

रविवारी आमची खोली माणसांनी भरून गेली. पेटी वाजली. पलंगावरून रंगारी बेसूर ओरडत होता आणि कुणी त्याला गप्प केलं नाही. निघताना मास्तरीणबाई म्हणाल्या, "काय पेटी वाजली हो आज!" मी विटक्या चादरीखाली होते. कुणाला काय ठाऊक, आत काय शिवलंय ते!

आता छप्पर दुरुस्त झालं, पेटी चर्चला परत गेली आणि मला माझी खिडकी मिळाली. रंगारी अजून पलंगावरच आहे. त्याची पिशवी बिनपट्ट्याची खुंटीवर लटकते. दिवस फार बरे आले आहेत असं नाही. पण पहिली शिवण पुन्हा स्तुतीची झाली आहे आणि घर तिच्यावर उभं आहे, हे मी रोज माझ्या पायडलवर अनुभवते. मागणं आहेच, दिवसभर आहे. ते गाण्यानंतर.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी म्हातारी असेल तर तिच्यात वेळेवर दोन थेंब तेल घाला. बरी चादर घाला, मखमलीची असली तरी आम्ही नाही म्हणणार नाही. आणि दिवस कसाही उजाडो, सकाळी पहिलं गाणं देवाच्या नावाचं सुईखाली सरकवा. आतून येईल म्हणून वाट बघत बसू नका, माझी बाई बसली होती तशी.

पेटीवर मी आता फारशी जळत नाही. आता मी रंगाऱ्यावर जळते. रोज सकाळी तो बाईच्या आधी गायला लागतो आणि रोज त्याच ओळीला चुकतो. बाई रोज कातावते, "अहो, तिथे वर जायचं असतं!" आणि तिथून पुढे ती गाते. पण परवा बाई बाजारात गेली होती. घरात तो आणि मी, दोघंच. तो छताकडे बघत हळूच ते गाणं गुणगुणत होता, आणि त्या ओळीला तो बरोब्बर वर गेला.