समोरच्या मुलीच्या चुका

समोरच्या पाशामियाँची मदीहा बारावीला आमच्या निखिलपेक्षा चार टक्के जास्त घेऊन आली, तेव्हापासून माझ्या पोटात दुखतंय. डॉक्टरला दाखवण्यासारखं दुखणं नाही, म्हणून गप्प आहे.

पाशामियाँ गाद्या भरून देतात. नवीन जालन्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांचं कापूस पिंजण्याचं यंत्र आहे, त्याच्या मागे दोन खोल्यांचं घर. आमचं तसं नाही. आमचे सासरे तहसिलीत होते, आणि आमचे हे, गिरिधरराव, बियाण्यांच्या कंपनीत सुपरवायझर आहेत. निखिलला आठवीपासून क्लास, टेबल, टेबलावर दिवा, दुधात बदाम. मदीहाला क्लास नाही की टेबल नाही. यंत्राची घरघर कानात आणि कापसाचा भुगा नाकात, अशी ती अभ्यास करायची. आणि वर चार टक्के जास्त! माझ्या जागी दुसरी कुणी असती तर पेढे वाटले असते का? मीही वाटले नाहीत. तिनं आणून दिले ते मात्र खाल्ले, आणि चांगले होते याचाही राग आला.

पण टक्क्यांचं एवढं नव्हतं. खरी गोष्ट पुढेच होती. शहरातल्या जुन्या व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टनं जाहीर केलं की बारावी झालेल्या मुलांनी शेतीतली एखादी खरी अडचण सोडवणारी कल्पना प्रत्यक्षात करून दाखवावी. ज्याची सगळ्यात चांगली, त्याच्या इंजिनिअरिंगचा चारही वर्षांचा खर्च ट्रस्ट करील. सगळ्या जिल्ह्यातून एकच जण. निखिलला संभाजीनगरला कॉम्प्युटरला जायचं होतं. घराचा हप्ता आणि सासूबाईंचं डायलिसिस यांच्या मध्ये ते कॉलेज काही केल्या बसत नव्हतं. ट्रस्टचं मिळालं तर इंजिनिअर, नाहीतर इथेच बी.एस्सी. मदीहाला नांदेडला कापडाचं इंजिनिअरिंग करायचं होतं. तिला मिळालं नाही तर अब्बांच्या यंत्राशेजारी शिलाई मशीन मांडलेलंच होतं.

निखिलनं लगेच कल्पना काढली. जमिनीतली ओल ओळखून विहिरीवरची मोटर आपोआप बंद करायची, आणि घरी बसून मोबाइलवरून चालू करायची. टेबलावर त्यानं छोटी मोटर, कुंडी आणि वायरींचं भेंडोळं मांडलं. बटण दाबलं आणि मोटर फिरली, तेव्हा पोराचा चेहरा असा उजळला की मी काही न बोलता आत गेले आणि शिरा केला.

रात्री जेवताना ह्यांनी त्याला कंपनीचा धडा दिला.

"निखिल, आपल्या बियाण्याच्या प्लॉटच्या चारी बाजूनं जागा का मोकळी सोडायला लावतो मी शेतकऱ्याला? बाजूच्या रानातला पराग उडून आला की बियाणं खलास. मंग ते कंपनी घेत न्हाई. तुझी कल्पना बी बिलकुल तशीच हाय. कुणाला सांगायची न्हाई, कुणाचं ऐकायचं न्हाई."

मला हे फार पटलं. आयुष्यभर या माणसानं दुसऱ्यांच्या रानातलं अंतर मोजलंय, त्याला कळत नसेल तर कुणाला कळणार? दुसऱ्या दिवसापासून आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्या बंद. मे महिन्यात, जालन्यात. सासूबाई पदरानं वारा घेत म्हणाल्या, "घरात बाळंतीण हाय का काय?" पण मी खिडकी उघडली नाही. आम्ही तिघं आळीपाळीनं निखिलचं यंत्र बघायचो आणि छान आहे, छान आहे म्हणायचो.

आणि समोर काय चाललं होतं? तमाशा. मदीहानं जुन्या चादरीची एक झोळी शिवली होती, कापूस वेचणाऱ्या बायांसाठी. झोळीला दोन कप्पे. एकात पांढरा स्वच्छ कापूस, दुसऱ्यात किडका, डागाळलेला. म्हणजे वेचता वेचताच माल वेगळा होतो, घरी आणून पुन्हा निवडत बसायला नको, आणि चांगल्या मालाला चांगला भाव. ती झोळी गळ्यात अडकवून ही मुलगी भर गल्लीत फिरायची. भाजीवालीला थांबवायची, दूधवाल्याला थांबवायची, कंपनीच्या गाडीतून उतरणाऱ्या मजूर बायांना थांबवायची. म्हणायची, यात काय चुकलंय ते सांगा.

मला मनातून आनंद झाला. म्हटलं, उडव बाई, उडव आपला पराग चारी दिशांना. कुणीतरी चोरेल तेव्हा कळेल.

एक दिवस ती आमच्याच दारात आली.

"काकू, थोडा टाइम हाय का? तुम्ही लग्नाआधी कापूस वेचलाय ना? आजी सांगत होत्या."

सासूबाईंना काय, दिसेल त्याला माझं माहेर सांगायचं असतं. माझं माहेर अंबडकडचं. कॉलेजला जाईपर्यंत दर दिवाळीच्या सुट्टीत वेचणी केली आहे मी. गल्लीत हे फारसं कुणाला माहीत नव्हतं आणि नसलं तरी चाललं असतं.

"मंग तुम्हीच सांगा काय चुकलं ते. तारीफ नको. अब्बांना माझं सगळंच चांगलं वाटतं, म्हणून तर लोकांची दारं वाजवून राह्यले."

आता दाराशी चालून आलेली संधी कोण सोडेल? मी तिच्याकडे पाहिलं. झोळी कापसानं टम्म भरलेली, आणि ही एखाद्या राणीसारखी ताठ उभी.

"हा कापूस कुठला?" मी विचारलं.

"अब्बांच्या दुकानातला."

"म्हणजे गादीचा! अगं, सरकी काढलेला कापूस आहे हा. शेतातला सरकीसकट असतो, याच्या तिप्पट जड. ही झोळी गळ्यात अडकवून बाई दुपारपर्यंत वेचेल, आणि संध्याकाळी मान धरून बसेल. आली मोठी इंजिनिअर!"

शेवटचं वाक्य जरा जास्त झालं. पण तिचा चेहरा पडला आणि माझ्या जिवाला थंडावा वाटला. खिडक्या बंद असूनही.

चार दिवसांनी ती पुन्हा हजर. गुरांच्या पेंडीच्या दुकानातून सरकी आणून तिनं कापसात मिसळली होती, म्हणजे वजन बरोबर शेतातल्यासारखं. गळ्यातला पट्टा काढून दोन्ही खांद्यांवरून आडवे पट्टे नेले होते आणि कमरेला बंद दिला होता.

"आता बराबर हाय का, काकू?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तिला रडवायला बोलले होते, आणि ही माझं बोलणं घेऊन घरी गेली, शिवून परत घेऊन आली! मग मीही कंबर कसली. त्या दिवशी मी तिला सोडलं नाही. म्हटलं, पोटुशी बाई हे कमरेला कसं बांधणार? म्हटलं, भरलेली झोळी रिकामी करायला दर वेळी अंगातून उतरवायची का? आणि शेवटी ठेवणीतलं काढलं. "बाया जुन्या लुगड्याची झोळी फुकटात बांधतात. तुझी विकत कोण घेईल?"

ती ओट्यावरून उठली. थँक्यू काकू म्हणाली. गेली. मी आत येऊन निखिलला म्हटलं, "समोरचीचं काही खरं नाही बघ." तो वायर जोडत होता. त्यानं मान वर केली आणि विचारलं, "आणि माझं, आई?" मी म्हटलं, "तुझं काय, एकदम छान."

ट्रस्टचा दिवस उजाडला. स्टेशनजवळच्या एका मंगल कार्यालयात कार्यक्रम होता. समोर तीन परीक्षक, एक बाई आणि दोन पुरुष, आणि मागच्या खुर्च्यांवर आम्ही आईबाप. पाशामियाँ आणि त्यांची बायको अकबरबी आमच्याच ओळीत बसले होते. अकबरबीनं माझ्याकडे बघून मान झुकवली. मीही झुकवली, पण पर्स उघडायचं निमित्त करून.

निखिलचा नंबर आधी आला. माझं पोर काय बोललं! इंग्रजी शब्द, मराठी शब्द, पडद्यावर चित्रं. बटण दाबलं, मोटर फिरली. ह्यांनी माझा हात दाबला. मग परीक्षक बाई पुढे झुकल्या आणि अगदी मायेनं म्हणाल्या, "बाळा, मोबाइलवर चालणारं स्टार्टर मोंढ्याच्या बाजारामागच्या दुकानांत मिळतं. ओल बघून बंद होणारंही येतं. तुझ्या यंत्रात नवीन काय आहे?"

निखिल थांबला. त्यानं यंत्राकडे पाहिलं, मग मागे वळून आमच्याकडे. मी मान खाली घातली.

कारण मला ते ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ माऊली, त्याच्या विहिरीवर तसलं डबडं दोन वर्षांपासून बसवलेलं आहे. गेल्या दिवाळीत त्याचा मोबाइल हातात घेऊन मीच ती मोटर चालू केली होती. निखिलनं पहिल्यांदा बटण दाबलं, त्याच क्षणी मला विहीर आठवली होती. पण पोराचा चेहरा कोणत्या तोंडानं विझवायचा?

निखिल म्हणाला, "माहीत नव्हतं, मॅडम." आणि वायरी गोळा करायला लागला.

मग मदीहा आली. तिनं झोळी काढली आणि माझ्या डोळ्यांसमोर मी चूक काढलेली एकेक गोष्ट नीट शिवून उभी राहिली. कमरेचा बंद पोटाच्या खालीवर सरकवता येत होता. झोळीला खालून तोंड होतं. नाडी ओढली की कापूस खालच्या कापडावर ओतला जायचा, उतरवायची गरजच नाही. आणि झोळी विकायची नव्हतीच. जुन्या लुगड्यातून ती घरीच कशी शिवायची, तो कागद गावोगावी फुकट द्यायचा, असं तिनं ठरवलं होतं. बाईंनी विचारलं, "हे सगळं तुला सुचलं कसं?"

"सुचलं न्हाई, मॅडम. लोकांनी चुका काढल्या. सगळ्यात जास्त आमच्या समोरच्या अरुंधतीकाकूंनी. त्या इथंच बसल्यात." तिनं हात करून दाखवलं. "त्यांनी माझ्यासाठी लई डोकं लावलं."

सगळं कार्यालय वळून माझ्याकडे बघायला लागलं. कुणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवली. पाशामियाँ उठून उभे राहिले आणि छातीवर हात ठेवून म्हणाले, "भाभी, आपका एहसान है." मी हसले. तसं हसायची वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

निकाल सांगायची गरज आहे का?

येताना आम्ही रिक्षात बसलो होतो. यंत्र निखिलच्या मांडीवर होतं. बस स्टँड मागे पडलं.

"आई," तो म्हणाला, "मामाच्या विहिरीवरचं ते डबडं, तसलंच होतं ना?"

"हो."

"तुला माहीत होतं?"

हे एकदम रिक्षावाल्याशी उन्हाबद्दल बोलायला लागले. मी म्हटलं, "तुझा हिरमोड होईल म्हणून…"

"मदीहाला तू सरकीचं वजनसुद्धा सांगितलंस," तो म्हणाला. चिडून नाही. चिडला असता तर मला बरं वाटलं असतं.

त्याला दोष कशाला देऊ? पण मदीहाला देत होते. मनात म्हणायचे, माझ्या पोराच्या ताटातलं या मुलीनं माझ्याच हातानं वाढून घेतलं. रोज सकाळी तिला ओट्यावर बसलेली पाहिली की जीव जळायचा. आणि ती रोज तिकडून हाक मारायची, "काकू, चहा झाला का?"

एका संध्याकाळी निखिल स्वयंपाकघरात आला. दुसऱ्या कुठल्या तरी संस्थेची तसलीच मदत होती, त्यासाठी त्यानं नवीन कल्पना काढली होती. त्यानं स्टूल ओढलं आणि माझ्यासमोर बसला.

"आई, मी निखिल न्हाई समज. मदीहा हाय समज. आता ऐक आणि बोल."

मग त्यानं सांगितलं. कांदाचाळीत साठवलेला कांदा सडायला लागला की वासावरून ओळखणारं आणि मोबाइलवर कळवणारं यंत्र. सांगताना त्याचे हात हलत होते, डोळे तसेच चमकत होते. माझ्या डोक्यात सगळं आलं, एका दमात. वास येईपर्यंत निम्मी चाळ सडलेली असते. चाळ चारी बाजूंनी उघडी, वारा वाहतो, वास राहील कुठे? माहेरी कांदा काय कमी सडलाय? सगळं जिभेवर आलं. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीवर आता कुठे दाढी यायला लागली आहे.

"छान आहे रे," मी म्हटलं.

तो उठला, चप्पल घातली आणि बाहेर गेला.

मी खिडकी उघडली. समोरच्या ओट्यावर मदीहा नांदेडला न्यायच्या बॅगेत कपडे भरत होती. निखिल तिच्यासमोर उकिडवा बसला आणि हात हलवत सांगायला लागला. तिनं पुरतं ऐकूनही घेतलं नाही.

"अरे पण वास येईपर्यंत निम्मी चाळ खलास की रे!"

माझं वाक्य. माझ्या जिभेवरचं, जसंच्या तसं. आणि माझं पोर खळखळून हसलं, महिन्याभरात पहिल्यांदाच. म्हणालं, "मंग? आणखी सांग." तिनं कपडे बाजूला सारले आणि बोटांवर मोजत एकेक चूक काढायला लागली, तो मान डोलवायला लागला.

मी खिडकीत उभी राहून जळत होते. टक्क्यांसाठी नाही, ट्रस्टच्या पैशांसाठीही नाही. परवा ती नांदेडला जाणार होती, आणि गेले दोन महिने ती कधी एकदाची नजरेआड होते असं मला झालं होतं. आता तिनं जाऊ नये असं वाटत होतं. ती गेली की माझ्या पोराला हे सांगणार कोण?