मागचा ठरवतो

सायकल दुकानाच्या मागच्या खोलीत नकाशा पसरून भाची त्याच्यावर दोन्ही कोपरं रोवून बसली होती. रंग घेतल्याशिवाय ही हलणार नाही, हे आत्याला कळून चुकलं.

"संध्याकाळी छापायला जायचाय. सगळ्या वाटांना रंग आहेत. बाबांचीच तेवढी कोरी."

"दिसतंय मला."

"मग हिरवा देऊन टाक ना! कालवा सपाट, झाडी सपाट, शेवटी खाणीकडचा एक उतार. रविवारी नवशिक्यांना मी तिथूनच नेणार आहे. बाबांची शेवटची वाट नकाशावर नसेल, तर नकाशा काढायचाच कशाला?"

नकाशा मुळात आत्या आणि तिच्या दादाचा, भावाबहिणीचा. खडीच्या, मातीच्या, शेताच्या कडेच्या वाटा शोधायच्या, सायकलवरून पालथ्या घालायच्या आणि रंग द्यायचा: नवख्यांना हिरवा, सरावलेल्यांना पिवळा, ज्यांना हाडं जड झालीत त्यांना लाल. हे शेवटचं दादाचं म्हणणं. दादा पुढे, ती मागे. रंग मात्र मागच्याने द्यायचा. पुढच्याला फक्त वाट दिसते, मागच्याला वाटेवरचा माणूसही दिसतो. आणि मागच्याने चालू वाटेवर तोंड उघडायचं नाही, पुढचा दचकतो. चढ-उतार ती मोजून घ्यायची, म्हणून दादा तिला 'मीटर' म्हणायचा.

या वाटेवर मात्र तो एकटाच गेला होता. उताराच्या माथ्यावर एका मोठ्या दगडाला सायकल नीट टेकवलेली आणि शेजारी तो, झोपल्यासारखा. हृदय थांबलं होतं. हँडलवरच्या जीपीएस यंत्राने नोंदलेली त्याच्या वाटेची रेघही माथ्याशीच संपत होती. खाली तो गेलाच नाही, तर उतार कसा आहे हे सांगणार कोण?

"मी आज जाऊन बघते," ती म्हणाली.

"एकटी? मग मागे कोण?"

"कोणी नाही."

"मग ठरवणार कोण, आत्या?"

तिने हेल्मेट उचललं.

कालव्याच्या कडेची खडी बारीक होती, टायरखाली एकसारखी चुरचुरत होती. थोडं अंतर गेल्यावर त्या चुरचुरीत दुसरा आवाज मिसळला. टिक. टिक. टिक.

ती उतरली. सायकल उलटी करून दोन्ही चाकं हळूहळू फिरवली, टायरच्या प्रत्येक खाचेतून बोट फिरवलं. काही नाही. पुन्हा निघाली, पुन्हा टिक टिक. कालव्याच्या भिंतीवरून आवाज परत येत असेल, असं तिने स्वतःला पटवलं. झाडीत शिरल्यावर भिंत संपली. आवाज संपला नाही.

तो आवाज तिच्या चांगल्या ओळखीचा होता. दादाच्या टायरमध्ये कायम एखादा खडा अडकलेला असायचा. काढ म्हटलं की म्हणायचा, "असू दे. तुला कळतं तरी मी कुठे आहे ते." वळणापलीकडे तो दिसेनासा झाला, तरी टिकटिक पुढून यायची. आज ती मागून येत होती.

तिने वळून पाहिलं नाही. मागे कोणी असेल याच्यापेक्षा कोणी नसेल, याची भीती जास्त होती.

दगड आला. पलीकडे उतार, रुंद, अगदी मवाळ, झुडपांआड डावीकडे वळणारा. डोळे मिटून हिरवा द्यावा असा. ब्रेकवर बोटं ठेवून तिने सायकल खाली घातली. चाकाखाली खडी सुटी झाली.

"सोड." आवाज मागून आला.

हा त्यांचा जुना शब्द. सुट्या खडीवर ब्रेक दाबून धरला की चाक घसरतं, म्हणून दादा पुढून ओरडायचा, "सोड!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिने हँडलच सोडलं होतं आणि थेट चरात गेली होती. "अगं, ब्रेक म्हणालो मी, ब्रेक!" हसून हसून तो खाली बसला होता. त्यानंतर इतक्या वर्षांत बोटांना शब्द पाठ झाला होता. आताही बोटं सैल व्हायला लागली.

पण मागचा बोलत नसतो.

शिवाय हा ओरडा नव्हता. हा घरातला आवाज होता. एखाद्या क्षुल्लक आकड्यावरून ती हुज्जत घालायला लागली की टेबलापलीकडून यायचा तो, थकलेला, मायेचा. सोड गं, मीटर. नाद सोड.

तिने बोटं पुन्हा आवळली, थोडी थोडी. मागचं चाक फरफटलं, पाय जमिनीला लागला, सायकल थांबली. चालतच ती वळणापर्यंत गेली.

वळणापलीकडे वाट नव्हती. कडा ढासळून खाणीत गेला होता आणि खूप खाली काळं, निश्चल पाणी होतं. तिच्या बुटाखालचा एक खडा घरंगळला. तो पाण्यात पडल्याचं ऐकू यायला बराच वेळ लागला.

परत माथ्यावर येताना तिला धाप लागली आणि दगडापाशी ती एकदम थबकली. दादाची सायकल या दगडाला टेकलेली होती, पण तोंड कुठे होतं तिचं? घराकडे. सगळ्यांनी पाहिलं होतं, कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आणि मग रेघ आठवली. माथ्यापुढे त्या रेघेला एक बारीकसा फाटा होता, वळणापर्यंत जाऊन परत आलेला. एका जागी पडलेलं यंत्र रेघ अशीच इकडेतिकडे सांडतं, ही यंत्राची चूक, म्हणून तिनेच, दादाच्या मीटरने, स्वतःच्या हाताने तो पुसून रेघ साफ केली होती.

परतीला टिकटिक मागे होती. डांबरी रस्ता लागला तिथे ती थांबून राहिली. डांबरावर तर अडकलेला खडा जास्तच स्पष्ट वाजतो. शेवटी पाय उचलला, तेव्हा मागे सगळं शांत होतं.

भाची दारातच होती. "हिरवा?"

"तुझे बाबा खाली गेले होते. पुढे वाट नाही, खाण आहे. ते बघून वळले, चढून आले आणि मग…" तिने खुर्ची ओढली. "त्यांनी ठरवलं होतं गं. मीच ते पुसलं."

भाचीने खोडरबर घेऊन उतार खोडला, हिरवी रेघ दगडापर्यंत ओढली आणि तिथे एक फुली मारली. "इथून मागे," ती म्हणाली.

रविवारी भाची पुढे होती, नवशिके मध्ये, आत्या सगळ्यात शेवटी. निघण्याआधी तिने आपली दोन्ही चाकं तपासली होती. दगडापाशी सगळे पाणी प्याले आणि फिरले. झाडीत भाचीने मान वळवून हाक दिली.

"आत्या, तुझ्या टायरमध्ये खडा अडकलाय बघ! कधीची टिकटिक ऐकू येतेय."

आत्याच्या मागे मोकळी वाट होती. तिने वळून पाहिलं नाही.

"असू दे," ती म्हणाली. "कळतं तरी कुठे आहे ते."