परक्या बायका

रात्रनिवाऱ्याचा नियम सरळ होता: एकट्या बाईला खाट, कुटुंबवाल्यांना पलीकडचा हॉल. आणि हॉल तर केव्हाचाच गच्च भरलेला. म्हणून सुनेनं कोपऱ्यावरच सासूला बजावलं, "आत आपण एकमेकींना ओळखत नाही. तोंडाला कुलूप."

"तुला ओळखून माझं काय भलं झालंय?"

घरमालकानं दाराचं कुलूप बदलल्यापासून दोघी बसस्थानकाच्या बाकावर झोपत होत्या. काल तिथूनही हाकललं. आज दोन खाटा मिळाल्या नाहीत, तर उघड्या रस्त्यावर पडायचं होतं.

दोघी दारासमोरच्या रांगेत मागेपुढे, पण अनोळखी चेहऱ्यानं उभ्या राहिल्या. वॉर्डन दारातच स्वतः सूप वाढत होती आणि एकेकीला आत घेत होती. खाणारी तोंडं वाढत चालली होती, वाढणारे हात तेवढेच. "आयतं मिळतंय, नखरे नकोत," ती प्रत्येकीला ऐकवत होती.

सासूनं घोट घेतला. पोटात आग होती, पण जीभ जन्माचीच तिखट. "अळणी," ती वाटीकडे बघून म्हणाली. "बाईच्या हातालाच चव नसेल, तर मीठ तरी काय करणार?"

हे वाक्य सुनेनं लग्नापासून रोज ऐकलं होतं. कालपासून तिच्या पोटातही काही नव्हतं.

"घरी हेच चाटूनपुसून खायचात, तेव्हा कुठे गेली होती जीभ?"

वॉर्डनचा पळा हवेतच थांबला. "घरी?"

"म्हणजे... म्हाताऱ्या सगळ्या सारख्याच."

"परक्या बायका इतकं नेमकं लागेल असं बोलत नाहीत. मलाही सासू आहे." वॉर्डन हसली नाही. "कुटुंब म्हणजे हॉल, आणि हॉल भरलाय. आता एकच खाट देईन. कोण राहतंय?"

"हिला घ्या," सासू म्हणाली. "रात्रभर हिची कटकट नको मला."

"मुळीच नाही, ह्यांना घ्या. बाहेर आजारी पडल्या, तर निस्तरायचं मलाच."

"तुझी हौस फिटायला मी एवढ्यात मरत नाही!"

"ते कळलंय मला!"

"पुढची!" वॉर्डन ओरडली.

मागची खोकणारी बाई मान खाली घालून दोघींच्या मधून आत गेली. दार लागलं.

पायरीवर बसल्यावर सुनेनं आपली शाल सासूच्या अंगावर फेकली. फेकलीच, पांघरली नाही.

"तरी सांगते, सूप अळणीच होतं."

"माहितेय. गप्प बसा आता."