पानाकाकांचा फोन

दुपारी साडेतीनला पहिली शिफ्ट सुटली की डेअरीच्या कॅन्टीनमध्ये इंग्रजीचा वर्ग भरायचा. पिशव्या भरायचं नवं यंत्र परदेशातून आलं होतं आणि त्याची पुस्तिका, त्याची बटणं, त्याच्या कंपनीचा मदतीचा फोन, सगळं इंग्रजीत. म्हणून साहेबांनी चार महिन्यांसाठी बाईंना नेमलं होतं. बाईंचं वय सव्वीस. बाकांवरच्या बारा जणांपैकी निम्मे त्यांच्या वडिलांच्या वयाचे.

बाई जीव तोडून शिकवत होत्या. रोज वीस शब्द फळ्यावर, वीस वहीत, वीस पाठ. दोन महिन्यांनी चाचणी घेतली, तर पहिले पाढे पंचावन्न. सगळ्यांत कमी गुण मुख्य फिटरला, पन्नासांत तीन. खिशात कायम पाना, म्हणून त्यांना सारे पानाकाका म्हणत. ते कागद घडी करत म्हणाले, "बाई, माझ्या डोक्याला गंज चढलाय. तुम्ही उगाच वेळ दवडू नका."

बाईंना रडू आवरेना झालं होतं. काहीतरी बोलायचं म्हणून त्यांनी विचारलं, यंत्रं कशी शिकलात?

काका एकदम खुलले. त्यांच्या उस्तादानं कधी कशाचं नाव सांगितलं नव्हतं. सुटा भाग हातात आला की तो काय काम करतो ते बघायचं आणि त्याला आपणच नाव द्यायचं : ढकलणारा, अडवणारा. खरं नाव मागाहून कळायचं, आणि कळलं की डोक्यात पक्कं बसायचं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी फळ्यावर एकही शब्द लिहिला नाही. आजपासून इंग्रजी कसं शिकायचं ते शिकू, असं म्हणाल्या. शब्द अडला तर त्याचं काम सांगा. हात चालू असताना जे करताय ते इंग्रजीत पुटपुटा. दोन शब्द कळले तर तिसऱ्याचा अंदाज बांधा. आणि नाहीच कळलं तर बेधडक पुन्हा विचारा.

इथे काका अडले. शिकलेल्या माणसाला तीनतीनदा विचारलं तर तो आपल्याला बहिरा समजेल, नाहीतर बावळट.

"यंत्रातून खडखड आली तर कितीदा कान लावता?" बाईंनी विचारलं.

"कळेपर्यंत."

"मग?"

काका हसले आणि वर्गही हसला. पुढच्या काही दिवसांत टँकरचा ड्रायव्हर टाकीला 'यू आर फुल' असं बजावू लागला आणि पॅकिंगच्या बायका एकमेकींना इंग्रजीत दटावू लागल्या.

तिसऱ्या महिन्यात एके दिवशी वर्ग सुरू होतोय तोच यंत्र बिघडलं. पिशव्यांची तोंडं दाबणारा जबडा नीट मिटेना, दूध पट्ट्यावर सांडायला लागलं. टाक्या काठोकाठ, संध्याकाळच्या गाड्या दारात. साहेबांनी कंपनीला फोन लावला. त्यांचं इंग्रजी पाण्यासारखं वाहणारं, पण यंत्र त्यांनी कधी उघडून पाहिलेलं नव्हतं. पलीकडचा इंजिनिअर विचारी एक, साहेब सांगत भलतंच. दहा मिनिटांनी साहेबांनी घाम पुसला.

"काकांना देऊन बघा," बाईंच्या तोंडून निघून गेलं.

काकांनी तेलकट हात पुसले आणि फोनचा स्पीकर लावला.

"जॉ क्लोज," काका म्हणाले, "बट स्लो. टायर्ड. लाइक ओल्ड मॅन."

इंजिनिअर खळखळून हसला आणि भरभर बोलू लागला. काकांनी त्याला थांबवून सावकाश सांगायला लावलं. मग पुन्हा एकदा. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा साहेबांनी लाजेनं मान फिरवली; काकांनी फिरवली नाही. तेवढ्यात तिकडून एक लांबलचक शब्द आला.

"धिस वर्ड आय डोन्ट नो," काका शांतपणे म्हणाले. "व्हॉट वर्क इट डू?"

पलीकडून उत्तर आलं, एकेक शब्द सुटा करून : तिथून हवा बाहेर पडते. एवढं काकांना पुरलं. छोटी टोपी, हवा जायची जागा, ती बुजली असेल का, हे त्यांनी आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं आणि पलीकडून जोरात 'येस' आलं.

काकांनी हवेचा दाब बंद केला, यंत्रामागे हात घातला आणि अंगठ्याएवढी टोपी फिरवून काढली. तिची सगळी भोकं चिकट काळ्या मळानं बुजलेली. नवी बसवून त्यांनी हवा सोडली. जबडा खटकन मिटला. एक पिशवी, दुसरी, दहावी, सगळ्या कोरड्या ठणठणीत. साहेबांचा जीव भांड्यात पडला.

इंग्रजी कुठे शिकलात, असं इंजिनिअरनं विचारलं. काकांनी ऐटीत बाईंकडे बोट दाखवलं. फोनवर बोट दिसत नाही हे मग लक्षात आलं, तेव्हा म्हणाले, "माय टीचर. शी इज हिअर." आख्ख्या डेअरीनं टाळ्या वाजवल्या. बाईंना समोरचं सगळं धूसर दिसायला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी वर्गाला एकोणतीस जण आले. बाक पुरेनात म्हणून दुधाचे क्रेट पालथे घातले, त्यातल्या एकावर साहेबही बसले. सगळ्यांना फोनची हकिगत हवी होती. काका उभे राहिले आणि आपल्या नेहमीच्या बोलीत सुरुवात करणार, तोच बाईंनी मानेनं नकार दिला. काका घसा खाकरून इंग्रजीत बोलू लागले. चुका ढिगानं झाल्या, पण ते कुठेच थांबले नाहीत आणि अकरा मिनिटं घड्याळाकडे कोणाचंही लक्ष गेलं नाही.